सही करता येते तोवर

मराठी कुटुंबांत आई-वडिलांच्या म्हातारपणाची आखणी बहुतेक वेळा रुग्णालयातून घरी सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी सुरू होते. आई न्हाणीघरात घसरलेली असते, खुब्याचं हाड मोडलेलं असतं, शस्त्रक्रिया नीट पार पडलेली असते. डॉक्टर सांगतात, ‘उद्या घरी न्या.’ मग भावंडं व्हरांड्यात उभ्या उभ्या बोलू लागतात. कोणाकडे न्यायचं? लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढवायचं कसं? रात्री उठवायला कोण असेल? बाई कुठून मिळेल, तिचे पैसे कोण देईल? जिच्याबद्दल हे चाललेलं असतं ती आत खाटेवर औषधाच्या गुंगीत असते आणि तिला यातलं काहीच विचारलेलं नसतं.

अशा वेळी घेतलेले निर्णय अनेकदा चुकतात. मुलांचं प्रेम कमी असतं म्हणून हे होत नाही. घराची पाहणी, पैशाचा हिशेब, कायद्याचे कागद आणि त्या माणसाची इच्छा या साऱ्यांना एका रात्रीत न्याय देता येत नाही, हे त्याचं कारण. सवड असते ती त्याआधी, आई-वडील हिंडते-फिरते असताना, स्वतःचं मत ठामपणे सांगू शकत असताना. ती आपण गप्प राहून घालवतो.

हा प्रश्न आता मोजक्या घरांचा राहिलेला नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण सुमारे दहा टक्के होतं, तर गोव्यात ते अकरा टक्क्यांच्या पुढे होतं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालानुसार 2050 पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल. आजच्या सत्तरीतल्या अनेकांना मुलं एक किंवा दोन. त्यातला एक हिंजवडीत, तर दुसरी न्यू जर्सीत. पूर्वी सेवा पाच-सहा जणांत वाटली जाई. आता ती एका सुनेवर, एका अविवाहित मुलीवर किंवा स्वतःच पंचाहत्तरीला आलेल्या पत्नीवर येऊन पडते.

पहिला प्रश्न कोणाला?

आखणीची सुरुवात ज्याच्यासाठी ती करायची त्याच्यापासूनच व्हायला हवी. ‘आई, तुला कुठे राहायला आवडेल? बाबा, तुम्हाला कसली भीती वाटते?’ असे प्रश्न सरळ विचारावेत. पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं, ‘आमचं काय, आज आहोत, उद्या नाही.’ तिथे थांबू नये. शेजारच्या काकांचं आजारपण किंवा मावशीच्या घरी झालेली धावपळ यांवरून विषय पुढे नेता येतो. कागदपत्रांवरून तर तो अगदी सहज निघतो, ‘बाबा, तुमच्या ठेवी कुठल्या बँकेत आहेत ते एकदा लिहून ठेवू या का?’

ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. ‘मला हे घर सोडायचं नाही’ या वाक्यात घर म्हणजे केवळ भिंती नसतात. त्यात रोजचा कट्टा असतो, हाकेच्या अंतरावरचा डॉक्टर असतो, उधारीवर सामान देणारा वाणी असतो, काकड आरतीला सोबत जाणाऱ्या तिघी मैत्रिणी असतात. गावातल्या किंवा पेठेतल्या माणसाला मुलाच्या विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं की सोयी वाढतात आणि माणसं संपतात. कधी कधी मुलाच्या घरी राहायला येण्यापेक्षा त्याच्या घराजवळ छोटं घर भाड्याने घेणं दोन्ही पिढ्यांना मानवतं. त्यांना काय सुटलेलं चालेल आणि काय नाही, हे समजून घेतल्याशिवाय घर बदलण्याचा विचार करू नये.

मदत किती लागते, ते मोजा

‘आई आता थकली’ एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडलेली सोपी पद्धत आजही जगभर वापरली जाते. त्यांनी सहा रोजच्या गोष्टी निवडल्या: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. यातलं काय एकट्याने जमतं आणि कशाला हात द्यावा लागतो, ते पाहायचं. त्यांना असंही दिसलं की, साधारणपणे अंघोळीतलं स्वावलंबन सर्वांत आधी जातं आणि जेवणातलं सर्वांत शेवटी.

याच्याही आधी बाहेरची आणि डोक्याची कामं अडू लागतात. औषधं वेळेवर घेणं, पैशाचे व्यवहार, फोन करणं, स्वयंपाक, बाजारहाट, एकट्याने प्रवास. या कामांची यादी पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी 1969 मध्ये केली. आठवडाभर दोन्ही याद्या हाताशी ठेवून पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं. फक्त दुसऱ्या यादीत अडचण असेल तर डबा, औषधांची खणांची डबी आणि रोज डोकावणारं कोणीतरी एवढं पुरतं. पहिल्या यादीतली दोन-तीन कामं अडली असतील तर दिवसाचे काही तास माणूस लागतो. उठणं-बसणं आणि शौचालाही हात लागत असेल तर रात्रीचीही सोय करावी लागते.

विसराळूपणाकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून तो अंगावर काढला जातो. पण विसरण्यामागे कधी थायरॉइडचा बिघाड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम किंवा निव्वळ ऐकू न येणंही असतं, आणि यांवर उपाय आहेत. म्हणून तपासणी लवकर करावी. स्मृतिभ्रंशच निघाला, तर पुढच्या कागदपत्रांसाठी हाताशी किती वेळ आहे तेही त्यातून कळतं.

घराची पाहणी

पुण्या-मुंबईतल्या, डोंबिवली-नाशिकच्या हजारो सोसायट्या तीन-चार मजली आहेत आणि त्यांना लिफ्ट नाही. चाळिशीत घेतलेलं तिसऱ्या मजल्यावरचं हवेशीर घर पंचाहत्तरीत माणसाला कोंडून टाकतं. सोसायटीने बाहेरून लिफ्ट बसवण्याचा ठराव करायचा, त्याच इमारतीत तळमजल्यावर अदलाबदल करायची की घर भाड्याने देऊन दुसरीकडे भाड्याने राहायचं, याचा विचार गुडघे चालत असतानाच करायला हवा.

घरातल्या सुधारणा मात्र ताबडतोब करता येतात. न्हाणीघराची फरशी खरखरीत असावी. कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले दांडे हवेत. टॉवेल अडकवायचा दांडा माणसाचा भार पेलत नाही. अंघोळीला उंच, स्थिर खुर्ची हवी. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. सुटी पायपुसणी, फरशीवरून गेलेल्या वायरी, न्हाणीघराचा उंच उंबरा काढून टाकावा. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, कारण आत पडलेला माणूस दाराला अडकला तर आत ढकलायचं दार उघडत नाही. जुन्या फ्लॅटमधल्या न्हाणीघरांची दारं अनेकदा जेमतेम दोन फुटांची असतात आणि चाकांची खुर्ची त्यातून जात नाही. राज्याच्या गृहनिर्माण नियामकाने, म्हणजे महारेराने, 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांत दारं 900 मिलिमीटरहून रुंद, चाकांची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी आणि न्हाणीघरात आधाराचे दांडे यांचा समावेश आहे. स्वतःचं घर तपासतानाही तीच यादी उपयोगी पडते.

वॉकर, कमोडची खुर्ची, वर-खाली होणारी खाट, हवेची गादी या वस्तू लगेच विकत घेण्याची गरज नसते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत अनेक संस्था, मंडळं आणि देवस्थानं रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देतात. आपल्या भागातलं असं केंद्र आधीच माहीत करून ठेवावं.

सेवा करणारे हात

घरीच राहायचं ठरलं तर प्रश्न माणसांचा येतो. ब्युरोकडून मिळणाऱ्या मावशी किंवा मामा बारा तासांचे की चोवीस तासांचे, हे ठरवताना एक साधी गोष्ट विसरली जाते. चोवीस तासांच्या माणसालाही झोप लागते. रुग्ण रात्री तीन-चार वेळा उठत असेल तर दिवसाचा आणि रात्रीचा माणूस वेगळा लागतो. कामं लेखी ठरवावीत. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही काळजीवाहकाची कामं. इंजेक्शन देणं, जखमेची पट्टी बदलणं यांना प्रशिक्षित परिचारिका हवी. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण देणार, पोलिसांकडून पडताळणी झाली आहे का, जेवणाचं काय, हेही आधीच बोलून घ्यावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

भावंडांतली वाटणी उघडपणे व्हायला हवी. पैसा, वेळ आणि निर्णय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशातल्या मुलीला रोज अंघोळ घालता येणार नाही, पण ती विमा, बिलं आणि औषधांची मागणी सांभाळू शकते, वर्षातून तीन आठवडे येऊन भावजयीला पूर्ण सुट्टी देऊ शकते. जी व्यक्ती रोज सेवा करते तिच्या मताला निर्णयात सर्वांत जास्त वजन असावं, आणि तिची नोकरी सुटली असेल तर तो खर्च सगळ्यांचा मानला जावा. आई-वडिलांना दोन-दोन महिने एकेका मुलाकडे फिरवण्याची पद्धत न्यायाची वाटते. पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला प्रत्येक नवं घर नव्याने हरवून टाकतं. अशा रुग्णाला एका जागी ठेवून मुलांनी पाळ्या लावणं जास्त बरं.

बाहेरची जागा निवडताना

घराबाहेरच्या सोयींचे प्रकार वेगवेगळे आहेत. ज्येष्ठांच्या वसाहतीत स्वतःचं किंवा भाड्याचं घर असतं आणि जेवण, दवाखाना, सोबत यांची व्यवस्था असते. पुण्यात अथश्रीसारखे प्रकल्प अनेक वर्षांपासून उभे आहेत. वृद्धाश्रमात खोली किंवा खाट आणि रोजची देखभाल मिळते. पुण्याच्या ‘निवारा’सारख्या जुन्या संस्थांपासून मातोश्री वृद्धाश्रमांपर्यंत अनेक नावं आपल्या परिचयाची आहेत. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी शुश्रूषा केंद्रं असतात. घरी राहूनही दिवसाची सोबत हवी असेल तर विरंगुळा केंद्रं आणि डे केअर आहेत. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करण्यासाठी उपशामक सेवा असते. मुंबईत 1986 साली सुरू झालेलं शांती अवेदना सदन आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र हे काम करतात.

जागा पाहायला आई-वडिलांसोबत जावं, आणि एकदा न कळवता संध्याकाळी जावं. रात्री किती माणसं हजर असतात? राहणारा माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेणार की परत पाठवणार? रुग्णालयात न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार? अनामत रकमेतून काय कापलं जाईल आणि किती दिवसांत परत मिळेल? दरवर्षी शुल्क कसं वाढतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं. बहुतेक कुटुंबांची फसगत तिथेच होते. शक्य असेल तर आधी महिनाभर राहून पाहावं. वृद्धाश्रमात ठेवणं म्हणजे टाकून देणं, हा समज आता सोडून द्यायला हवा. न बोलणाऱ्या घरात एकट्याने दिवस काढणारी आजी चांगल्या आश्रमात चार माणसांत खुलते. टाकून देणं म्हणजे तिथे नेऊन सोडून पुन्हा न फिरकणं.

खर्चाचं गणित

आजारपण म्हटलं की विमा आठवतो. पण विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो. काळजीवाहकाचा पगार, डायपर, खाटेचं भाडं, आश्रमाचं शुल्क हे महिनोन्‌महिने चालणारे खर्च खिशातूनच करावे लागतात. म्हणून दोन हिशेब वेगळे मांडावेत, एक अचानक येणाऱ्या रुग्णालयाचा आणि दुसरा दर महिन्याच्या देखभालीचा.

पहिल्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण आहे. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं लागतं. आणि एप्रिल 2024 पासून आरोग्य विमा नव्याने घेण्यासाठीची 65 वर्षांची वयोमर्यादा विमा नियामकाने काढून टाकली आहे. दुसऱ्या हिशेबासाठी निवृत्तिवेतन, दर तिमाहीला व्याज देणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना, घरभाडं, अशा नियमित येणाऱ्या रकमा जोडाव्यात. घर आहे पण हातात पैसा नाही, अशांसाठी रिव्हर्स मॉर्गेजची सोय 2007-08 पासून आहे. घर बँकेकडे तारण ठेवून हप्त्याने पैसे मिळतात, जिवंत असेपर्यंत त्याच घरात राहता येतं आणि नंतर वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात. गरजू वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजना आहे. अडचणीत सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे.

कागद, जे नंतर करता येत नाहीत

दांडे उद्या बसवता येतात, मावशी पुढच्या आठवड्यात मिळू शकतात. पण माणसाची समज आणि सही गेली तर काही दारं कायमची बंद होतात. म्हणून सगळ्यांत आधी हातात घ्यायचं ते हे काम.

बहुतेक घरांत एक गैरसमज असतो, ‘बाबांनी मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र केलंय, म्हणजे काळजी नाही.’ भारतात मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रही संपतं; 1872 च्या करार कायद्यातच तसं आहे. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, नेमक्या त्याच दिवशी ते कामाचं राहत नाही. बेशुद्ध किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचं पालकत्व मिळवण्यासाठी कुटुंबांना अनेकदा थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. हे टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे रोजच्या खर्चाचं खातं आणि काही ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने आधीच संयुक्त करून ठेवणं.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं आणि सोबत डॉक्टरांचा मानसिक स्वास्थ्याचा दाखला असलेलं मृत्युपत्र वादात टिकतं. साक्षीदार मालमत्तेत वाटा नसलेले आणि शक्यतो मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा तरुण असावेत. सोसायटीत किंवा बँकेत नामनिर्देशन केलं म्हणजे मालकी गेली, असं होत नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळते, मालक मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरतो.

हयातीतच घर मुलाच्या नावावर करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर ‘आमची देखभाल करण्याच्या आणि या घरात आम्हाला राहू देण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात असायलाच हवेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार ही अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून घेता येतं. मात्र अटच नसेल तर दाद मिळणं अवघड होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 च्या निकालात सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचं बक्षीसपत्र रद्द करून घर तिला परत दिलं. तिथे मुलाने सांभाळण्याचं लेखी वचन दिलेलं होतं. याच कायद्याखाली साठीपुढच्या पालकाला उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने निर्वाह खर्चही मागता येतो. सर्वांत सुरक्षित मार्ग मात्र घर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवणं आणि ते कोणाला द्यायचं ते मृत्युपत्रात लिहिणं हाच आहे.

शेवटचा कागद शेवटच्या दिवसांबद्दलचा. बरं होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटर लावावा की नाही, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा त्याची नावंही त्यात देता येतात. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी गोव्यातलं असं पहिलं इच्छापत्र नोंदवलं. हा कागद असला की अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलांवरचं सर्वांत जड ओझं उतरतं. त्यांना निर्णय घ्यावा लागत नाही, आईचा निर्णय फक्त पाळायचा असतो.

दरवर्षी एकदा

ही आखणी एकदाच करून कपाटात ठेवायची नसते. वर्षातून एकदा, आणि पडणं, शस्त्रक्रिया किंवा जोडीदाराचा मृत्यू अशा प्रत्येक घटनेनंतर ती पुन्हा तपासावी. ठेवी, विमा, औषधं, डॉक्टर, कागद कुठे आहेत याची एक वही घरात आणि एक प्रत दूरच्या मुलाकडे असावी. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, त्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला बँकेत न्यावं लागत नाही.

इतकं करूनही काही वेळा म्हातारं माणूस ‘नको’ म्हणेल. लिफ्ट नसली तरी याच घरात राहीन, मावशी नको, आश्रम नको. समज शाबूत असेल तर त्या ‘नको’ला मान द्यायला हवा. धोका समजावून सांगावा, दांडे बसवून द्यावेत, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी, रोज फोनची वेळ ठरवावी. मग त्यांनी निवडलेलं आयुष्य त्यांना जगू द्यावं. हे संभाषण दिवाळीला सगळे जमतील तेव्हा, किंवा त्याही आधी, येत्या रविवारी सुरू करता येईल. त्यातलं पहिलं काम ठरलेलं आहे: आई-बाबांना त्यांची इच्छा विचारायची, ती लिहून काढायची आणि तिच्याखाली त्यांची सही घ्यायची.